मिरचीवालीचा बंद पडलेला फोन

मी मूळचाच तक्रारखोर माणूस. पूर्वी हे मी अभिमानाने सांगायचो, आता नुसतं सांगतो. ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात सगळी नोकरी काढली. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, क्रमांक द्यायचा. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. नळाला गढूळ पाणी आलं की अर्ज. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत फुटपाथची लादी निघाली की फोटोसकट अर्ज. बायको म्हणते, "अहो, तुम्ही रिटायर झालात, तुमचं पेन कधी होणार?"

तर अशा माणसाच्या हातात मोबाईल आला आणि त्या मोबाईलवर कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले. मी कर्ज मागितलेलं नाही, मला क्रेडिट कार्ड नको, बदलापूरला सेकंड होम तर त्याहून नको. पण रोज सकाळपासून, "नमस्कार सर, आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?" बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलो होतो. तेवढ्या वेळात सात फोन आले. प्रत्येक वेळी वाटायचं, आतून डॉक्टरच बोलावतायत की काय. सातव्या फोनला मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शेजारच्या बाकावरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

त्यानंतर कोणीतरी मला सांगितलं की असे फोन नको असतील तर आपला नंबर सरकारी यादीत घालता येतो. आणि तरीही कोणी साध्या मोबाईलवरून धंद्याचा फोन केलाच, तर त्या नंबरची तक्रार करता येते. फोनची तारीख, वेळ आणि समोरचा काय बोलला ते लिहायचं. चार-सहा जणांनी एकाच नंबरची तक्रार केली की कंपनी त्या नंबरवरून जाणारे फोनच बंद करते. वा! मला वाटलं, हा नियम करणाऱ्याने माझा फोटो समोर ठेवूनच तो केला असावा. मी त्याच संध्याकाळी चष्मा लावून बसलो आणि अॅप शिकून घेतलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण उंटावरचा शहाणा मी, एका रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा क्लास घेतला. कुठे दाबायचं, काय लिहायचं, त्याची झेरॉक्स काढून वाटली. मग सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज एक नंबर टाकू लागलो. "आजचा नंबर. ज्यांना ज्यांना आला त्यांनी तक्रार करावी." खाली लोक लिहायचे, केली, केली, डन, केली. मला एखादी मोहीम चालवल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर फोन कमी झालेही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई एकट्याच राहतात. फोनवरचा कोणीतरी त्यांना आधार नंबर मागत होता आणि त्या द्यायच्याच बेतात होत्या. माझ्या क्लासमुळे त्यांनी फोन ठेवला. त्या नियमाचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी आजही विसरलेलो नाही.

आता मिरचीवालीबद्दल सांगतो.

आमच्याकडे वर्षाचा मसाला विठ्ठलवाडीहून यायचा. स्टेशनपासून जरा आत एका बाईचा डंख आहे. डंख म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. मोटर चालू केली की त्याचे लोखंडी मुसळ एकामागून एक धाडधाड खाली येतात. बाई तिथल्याच गावातली. ठाण्यात तिला कोणी नावाने ओळखत नाही, सगळे मिरचीवालीच म्हणतात. इतरांकडे आपण मिरच्या घेऊन जायचं आणि नाकाला पदर लावून समोर बसायचं. हिच्याकडे तसं नव्हतं. कल्याणच्या घाऊक बाजारात चांगली मिरची उतरली की ही स्वतः जाऊन घ्यायची, गच्चीवर वाळवायची, आणि मग एकेका घराला फोन करायची. प्रत्येक घराचं प्रमाण तिच्या वहीत होतं. कोणाकडे बेडगी जास्त, कोणाकडे लवंगी, कोणाला दगडफूल चालत नाही. फोनवर ती फक्त किती किलो एवढंच विचारायची नाही. "घरात कोणाला प्रेशर, पित्त? सून आली का नवीन? तिला सोसतं का तिखट?" असं सगळं विचारून त्या वर्षीचं प्रमाण ठरवायची. माझं अॅसिडिटीचं दुखणं सुरू झालं ते डॉक्टरच्या आधी तिला कळलं होतं, आणि त्या वर्षापासून आमच्या मसाल्यातली लवंगी तिने निम्मी केली.

दर वर्षी पहिला फोन आमच्या बिल्डिंगला यायचा, कारण आम्ही तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं. बायकोनेच एकेका शेजारणीला तिचं नाव सुचवलं होतं. फोन लँडलाइनवर यायचा, बायको घ्यायची, पलीकडून ओरडून आवाज यायचा, "ओ काकी, मिरची आली!" की झालं. पुढे लँडलाइन काढून टाकली तेव्हा मीच तिला माझा मोबाईल नंबर दिला.

त्या वर्षी मार्च संपत आला तरी तिचा फोन नाही. बरणीने तळ गाठला. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, मिरचीवालीचा फोन कसा नाही आला? आजारी-बिजारी नाही ना?" मी माझ्या फोनमधला तिचा नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

"मग जाऊन या," बायको म्हणाली. "विठ्ठलवाडी काय लंडनला आहे?"

गेलो. तो रस्ता मला तोंडपाठ होता. मार्च-एप्रिलात तिथे वळलं की लांबूनच ठसका लागतो आणि धाडधाड ऐकू येते. त्या दिवशी ठसकाही नव्हता आणि आवाजही. आत मिरचीची पोती थप्पीला लावलेली, यंत्र बंद, आणि बाई एकटीच पाटावर बसून देठ खुडत होती. एरवी या कामाला दोघी बायका असतात. त्यांना तिने घरी पाठवलं होतं. ऑर्डरच नव्हत्या तर त्यांना बसवून काय करायचं?

"काका, तुमी?" ती उठली. "बसा ना. चाय टाकते."

चहा होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. आधीचा नंबर नवऱ्याच्या नावावर होता. नवरा गेल्या पावसाळ्यात गेला, आणि कागदपत्रांच्या भानगडीत तो नंबर कायमचा बंद पडला. मग तिने आधार कार्ड दाखवून नवा घेतला. हा तिच्या स्वतःच्या नावावरचा पहिलाच नंबर. सीझन सुरू झाला, तिने पाच-सहा फोन केले, आणि दोन दिवसांत कंपनीचा मेसेज आला. त्या नंबरवरून धंद्याचे नको असलेले फोन केले जातात अशा तक्रारी आल्यामुळे, जाणारे फोन पंधरा दिवस बंद. पुन्हा असं झालं तर नंबरच बंद.

"पंधरा दिवस, काका! मिरची काय पंधरा दिवस थांबते? ह्यातच सगळी घरं कुठूनतरी मसाला घेऊन मोकळी होतील. कोणाकडे माझा नवा नंबर पण नाय, ते तरी कुठे फोन करणार?"

"मुलीच्या फोनवरून करायचे," मी म्हणालो.

"नको. पोरीचा नंबर कॉलेजात दिलाय, बँकेत दिलाय. तो पण बंद केला तर? मी दुकानात जाऊन विचारलं. तो पोरगा बोलला, टेलिमार्केटर म्हणून नोंदणी करा. मी काय टेलिमार्केटर आहे काय ओ?"

तक्रारी म्हटल्यावर मला आमचा ग्रुप आठवला होता. तरी मी म्हटलं, नवा नंबर सांग, लिहून घेतो. ती एकेक आकडा सांगत गेली, मी फोनवर दाबत गेलो. शेवटचा आकडा दाबायच्या आत माझ्या फोनने तो नंबर ओळखला. खाली तारीख आणि वेळ. तक्रार केली की मी नंबरापुढे "केली" असं लिहून ठेवतो, ही माझी आवक-जावकची सवय. तिथे "केली" लिहिलेलं होतं.

बोंबला! सगळं डोळ्यांपुढे आलं. दुपारचा फोन, पलीकडून अगदी नाजूक आवाजात, "नमस्कार, आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचा शब्द मी ऐकलाच नाही. फोन आपटला, तक्रार ठोकली आणि ग्रुपवर टाकलं, आजचा नंबर. तासाभरात केली, केली, डन. सहा घरं. तिची सगळ्यात जुनी सहा घरं.

"पण तू नमस्कार वगैरे कधीपासून म्हणायला लागलीस गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोरीने शिकवलं ना! बोलली, आई, ओरडतेस काय लोकांवर, जरा प्रोफेशनल बोल. तिने कागदावर लिहून दिलं, मी वाचून बोलले." मग तिने तक्रार करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "ज्या मेल्यांनी केलं त्यांच्या जेवणात मीठ पण राहू नये." मी चहाच्या कपात बघत बसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सत्तरीला आलेला माणूस मी, पण परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखा बसलो होतो.

सांगायचं सोडून मी म्हणालो, "वही दे. फोन मी करतो, माझ्या फोनवरून."

ती बघतच राहिली. "तुमी? तुमाला कशाला त्रास?"

"मला दुसरं काय काम आहे?" मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी विठ्ठलवाडीला जाऊ लागलो. बायकोला खरं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "डबा घेऊन जा. तिच्याकडे जेवायला तोंड आहे का तुम्हाला?" मी कंपनीला एक कडक अर्जही लिहिला, बिल्डिंगमधल्या सहाही घरांच्या सह्या घेऊन, की या बाईचे फोन आम्हाला हवे आहेत. त्याचं उत्तर आलं ते पंधरा दिवस उलटून गेल्यावर. त्यामुळे भिस्त सगळी फोनवरच होती.

आणि काय सांगू, फोन करणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं! पहिल्याच फोनला मी शुद्ध मराठीत म्हणालो, "नमस्कार, मी विठ्ठलवाडीहून बोलतोय, आपल्याला..." फोन कट. दुसरा, "नंबर कुठून मिळाला माझा?" तिसऱ्याने नंबर ब्लॉक करतो म्हणून सांगितलं. चौथा डोंबिवलीचा, माझ्याच वयाचा वाटला. तो थंडपणे म्हणाला, "आपलं नाव, कंपनी आणि वेळ सांगा. मी लिहून घेतोय." हे माझं वाक्य! शब्दन् शब्द माझं! मी घाबरून फोन ठेवला आणि माझा मीच हसायला लागलो. हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीमुळे नव्हतं.

मिरचीवाली चाळण हातात घेऊन हे सगळं बघत होती. म्हणाली, "काका, नमस्कार नका बोलू. माझा तिथेच घोटाळा झाला. नमस्कार बोललं की लोकांना वाटतं हा कायतरी विकायला आला. सरळ ओरडा, मिरची आली."

"मी ओरडू?"

"मग काय? घरात बायकोवर नाय ओरडत?"

ओरडलो. "काकू, मिरची आली! विठ्ठलवाडीची!" पलीकडून, "अगंबाई! आली का? केव्हाची वाट बघतेय. पण तुम्ही कोण हो?" असं एकेक दार उघडायला लागलं. बायका मला आपापली दुखणी सांगू लागल्या. कोणाच्या सासऱ्यांची बायपास, कोणाचा नातू पहिल्यांदा तिखट खायला लागलेला. मी ती दुखणी वहीत तारखेसकट नोंदवून घेत होतो. तिसऱ्या दिवशी देठ खुडणाऱ्या दोघी परत आल्या. चौथ्या दिवशी मोटर चालू झाली. मला ती धाडधाड इतकी गोड कधीच वाटली नव्हती.

काही जण आधीच दुसरीकडून मसाला घेऊन बसले होते. अशी वहीत बारा नावं निघाली. प्रत्येक वेळी मी खाली मान घालून "नाही म्हणाले" एवढंच सांगायचो. ती "असू दे" म्हणायची. ते असू दे मला टोचायचं. कर्जवाल्यांचा एक नंबर बंद झाला तर दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या नंबरवरून हजर. ते माझ्या तक्रारीने मेले नाहीत. मेली असती ती ही, कारण हिच्याकडे एकच नंबर होता.

पाचव्या दिवशी दुपारी डोंबिवलीच्या एका आजींना फोन लागला. आवाज खणखणीत. मिरची आली म्हटल्यावर म्हणाल्या, "ती का नाही बोलत? तिला काय झालं?"

म्हटलं, "ती बरी आहे. तिचे फोन बंद केलेत कंपनीने. कोणीतरी तक्रार केली."

"कोणी?" आजी कडाडल्या. "अहो, दर वर्षी ती फोन करून माझी चौकशी करते. माझी मुलं करत नाहीत एवढी! कोणी तक्रार केली तिची? आणि तुम्ही कोण?"

माझ्याकडे तयार उत्तर होतं. तिचा शेजारी, तिचा काका, काहीही चाललं असतं. पण त्या आजींना खोटं सांगवेना.

"मीच," मी म्हणालो. "तक्रार मीच केली. आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगला करायला लावली. मला ठाऊक नव्हतं की ती आहे. मी ऐकूनच घेतलं नाही."

एवढं बोललो आणि लक्षात आलं की डंख थांबलेला आहे. कुटायचा घाणा संपला होता आणि मोटर बंद केलेली होती. मिरचीवाली माझ्यापासून दोन हातांवर चाळण घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आजी फोनवर काहीतरी बोलत होत्या. काय, ते आता आठवत नाही. मी फोन ठेवला. तिने चाळण बाजूला ठेवली, उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन पाठमोरी उभी राहिली. देठ खुडणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मी मनात माफीची वाक्यं जुळवत बसलो. आयुष्यभर अर्ज लिहिलेला माणूस, पण एक वाक्य धड जुळेना. उठून निघून जावं असंही वाटलं. पण वही माझ्या मांडीवर होती आणि वहीत अजून चाळीसएक घरं बाकी होती.

बऱ्याच वेळाने ती आत आली. नळावर हात धुतले, पदराला पुसले. डोळे लाल होते, पण तिथे सगळ्यांचेच असतात.

"मेल्या म्हटलं मी तुमाला," ती म्हणाली. "त्या दिवशी. चाय देताना."

"बरोबरच म्हटलंस."

ती माझ्या शेजारी पाटावर बसली. माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली. आता ही वही ठेवून देणार आणि मला जा म्हणणार, असं वाटलं. तिने पान सरळ केलं, मिरचीने तांबडं झालेलं बोट एका ओळीवर ठेवलं आणि म्हणाली,

"ह्यांच्या आईंना ऐकायला कमी येतं. जरा मोठ्याने बोला, काका. लावा नंबर."

त्या दोन शब्दांसाठी मी त्या बाईचे जितके आभार मानतो तितके कोणाचेच मानत नाही. त्या क्षणी मला धन्यवाद म्हणायचं सुचलं नाही. मी चष्मा पुसला आणि नंबर लावला.